प्रादेशिक सह कार्य

खिडकीला दोन बाजू असतात, ही गोष्ट अनुस्वारबाईंना वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळली. तोपर्यंत त्यांना एकच बाजू माहीत होती: आतली.

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या खिडकी क्रमांक दोनच्या आत त्या एकोणीस वर्षं बसत होत्या. माणूस जन्मला काय आणि गेला काय, त्यांच्या चष्म्याखालून गेल्याशिवाय ते अधिकृत होत नसे. आणि नावावरचं एक टिंब जरी राहिलं, तरी अर्ज परत. "अनुस्वार कुठाय?" एवढे दोनच शब्द. रडणारं बाळ कडेवर घेतलेला बाप परत गेलाय, बाळाला पहिला दात आल्यावर पुन्हा आलाय, आणि दुसऱ्या टिंबासाठी पुन्हा परत गेलाय. त्यांचं खरं नाव सेवापुस्तकात असेलच, पण गावभर त्या अनुस्वारबाई. त्यांना हे ठाऊक होतं. खरं सांगायचं तर आतल्या आत थोडं आवडतही होतं.

तर अशा या बाईंनी बाहेरून एम.ए.ला नाव घातलं. का घातलं, कसं घातलं, ते जाऊ द्या, ती वेगळी गोष्ट होईल आणि तीत नातेवाईक फार येतात. राज्यशास्त्राचं दुसरं वर्ष चालू असताना विद्यापीठाच्या फलकावर कागद लागला: पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी निबंध स्पर्धा. विषय, प्रादेशिक सहकार्य. शेजारी देशांनी एकमेकांशी कसं वागावं. शब्द कमीत कमी सोळाशे, जास्तीत जास्त दोन हजार. एक कमी नाही, एक जास्त नाही.

तो शेवटचा नियम वाचून बाईंना भरून आलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी आपल्यासारखं बोललं.

दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून त्या विद्यापीठात गेल्या. खिडकी क्रमांक चार. आत एक जाड भुवयांचा कारकून. त्याने मान वर न करता सांगितलं,

"पालकांची चौकशी पाच नंबरला."

"मी पालक नाही. विद्यार्थी आहे."

आता त्याने मान वर केली. आधी चष्मा पाहिला, मग चष्म्यावर आलेले पांढरे केस, मग हातातली ऑफिसची पर्स.

"तुम्हाला कुठेतरी पाहिलंय."

"नसेल," बाई म्हणाल्या. रांगेत मागे उभ्या असलेल्या दोन मुली "काकू, पुढे व्हा ना," म्हणाल्या. त्या 'काकू'वर किती टिंबं द्यावीत असं बाईंना क्षणभर वाटून गेलं.

फॉर्म मिळाला. पण त्याच्या तळाशी एक रकाना होता: पालकाची सही.

"हा रकाना माझ्यासाठी नसेल ना?"

"फॉर्म सगळ्यांना एकच आहे."

"अहो, मी सेहेचाळीस वर्षांची आहे!"

"वयाचा रकाना वर आहे. हा पालकाचा आहे. आणि रकाना रिकामा ठेवलेला फॉर्म आम्ही घेत नाही." तो थांबला, आणि फार सावकाश म्हणाला, "तुमच्याकडे घेतात का?"

बाईंकडे घेत नसत. त्यांनी फॉर्म पर्समध्ये घातला. घरी येईपर्यंत त्यांनी मनात एकच गोष्ट पक्की केली. बक्षीस मिळो न मिळो, हा निबंध त्या खिडकीतून आत गेला पाहिजे, आणि 'पालक तिकडे' म्हणणाऱ्या माणसाने आपल्याला एकदा तरी विद्यार्थी म्हटलं पाहिजे.

आई-वडील तर केव्हाच वारलेले. (नोंद बाईंनी स्वतःच्या हाताने केली होती, अनुस्वारासकट.) नवरा बस आगारात वेळापत्रकं लावतो. तो या गोष्टीत फारसा येत नाही, कारण तो घरी येईपर्यंत गोष्ट नेहमी पुढे गेलेली असते. शिवाय नवऱ्याने 'पालक' म्हणून सही करायची, हे राज्यशास्त्र शिकणाऱ्या बाईला मान्य होण्यासारखं नव्हतं. उरल्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, दृष्टी उत्तम, जीभ त्याहून उत्तम.

"करते की सही," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी निबंध वाचीन. न वाचता कशावर सही करू नये, असं तूच जगाला सांगत असतेस."

"आई, निबंध अजून लिहायचाय."

"मग लिही. तोवर फॉर्म मधल्या फळीवर ठेव."

ही मधली फळी काय भानगड आहे ते आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे कुणाला थांबायला वेळ नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाला पाच फळ्या. वरच्या दोन सुनेच्या, खालच्या दोन सासूच्या, आणि मधली कुणाचीच नाही. बावीस वर्षांपूर्वी एका भयंकर भांडणानंतर ही वाटणी झाली. भांडण कशावरून झालं ते आता दोघींनाही आठवत नाही, पण वाटणी मात्र एखाद्या तहासारखी पाळली जाते.

निबंध सुरू झाला आणि बातमी जिन्यावरून वर गेली. बातम्या खाली यायला वेळ लावतात, वर मात्र पळत जातात. पहिले उतरले वरच्या मजल्यावरचे भूगोलसर. निवृत्त, पण नकाशा अजून खांद्यावर.

"ताई, नदी घेतलीत का?"

"नाही हो सर."

"नदी नाही? मग सहकार्य कशाच्या जोरावर करणार? नदी एका देशात उगम पावते, दुसऱ्यात मोठी होते आणि तिसऱ्यात समुद्राला मिळते. तिला पासपोर्ट विचारलाय कुणी?"

तीन पानं नदी आली.

मग आल्या समोरच्या शिवणमावशी. तोंडात टाचण्या, त्यामुळे त्या नेहमी दातांच्या फटीतून आणि अतिशय गंभीर बोलल्यासारख्या वाटतात.

"वहिनी, दोन कापडं जोडायची तर दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच आत दाबावा लागतो. एकीने म्हटलं, माझं कापड मी पूर्ण दाखवणार, तर शिवण उसवते. लिहा हे. फुकट सांगतेय."

अर्धं पान शिवण आली. नदीला तीन पानं आणि शिवणीला अर्धंच, हे मावशींना कळलं तेव्हा शिवण दीड पान झाली. मावशींना कळल्याचं सरांना कळलं, तेव्हा नदीला उपनद्या आल्या. शेजारी देशांचं माहीत नाही, पण शेजारी मजल्यांनी सीमेवर फौजा आणून ठेवल्या होत्या.

शेवटी निबंध पुरा झाला. शब्द मोजायची जबाबदारी दहावीतल्या लेकीने घेतली. मावशींनी बटणांचा डबा दिला: दहा शब्दांना एक बटण. लेकीने सबंध दुपार जमिनीवर पालथं पडून बटणांच्या रांगा लावल्या. एकशे अठ्ठ्याण्णव बटणं आणि वर सात शब्द. एक हजार नऊशे सत्याऐंशी!

"बसला!" लेक ओरडली, आणि तिच्या उडीने अठरा बटणं कपाटाखाली गेली. त्यांतली चार अजून तिथेच आहेत.

आता निबंध टंकलिखित हवा होता. कोपऱ्यावर टंककाका होते. तीस वर्षं टंकलेखन यंत्र बडवून ते संगणकावर आले होते. यंत्र गेलं, पण त्यांची स्वतःची मतं त्यांच्याबरोबर आली. "अक्षर दाटीवाटीने बसलं की गुदमरतं," ते म्हणत. "शब्दाला श्वास घ्यायला जागा हवी."

बाईंनी छापून आलेली पानं रात्रीच्या जेवणाआधी तपासली. एकेक अनुस्वार जागेवर. एकेक टिंब म्हणजे कसं, नुकतंच आंघोळ करून आलेलं. त्यांनी समाधानाने मान हलवली. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी संगणकाने स्वतःहून छापलेली ओळ वाचून ती मान तशीच राहिली.

एकूण शब्द: दोन हजार पाचशे पंच्याण्णव.

"बटणं चुकली," लेक पुटपुटली.

"बटणं चुकत नाहीत," मावशी दारातूनच म्हणाल्या. त्यांच्या धंद्याचा प्रश्न होता.

"यंत्रही चुकत नाही," भूगोलसर जिन्यातून म्हणाले.

तेव्हा चुकलं कोण, हे ठरवायला वेळ नव्हता. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचची. सहाशे शब्द कापायचे होते. पुढच्या खोलीत सतरंजीवर पानं पसरली आणि जगातली सर्वांत अवघड परिषद भरली.

"उपनद्या काढा," मावशी म्हणाल्या.

"काढतो. तुमचं ते बखियाचं आणि तुरपाईचं काढा."

"तुरपाई काढली तर काठ सुटेल!"

"आणि उपनद्या काढल्या तर नदी आटेल!"

"अहो सर, नदी तुमच्या मालकीची असल्यासारखं काय बोलता?"

बाई मध्ये बसून लाल पेनाने कापत होत्या. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचं परत पाठवलं होतं. स्वतःचं कापताना हात असा जड होतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी तोडगा मावशींनीच काढला. "अर्धा अर्धा इंच," त्या म्हणाल्या. "सर, तुम्ही एक ओळ द्या, मी एक देते." मग ओळीला ओळ जाऊ लागली. सरांनी एक उपनदी दिली की मावशी एक टाका देत. दीड तासाने दोघं इतके उदार झाले की थांबवावं लागलं. टंककाकांनी दुकान बंद करता करता नवी प्रत काढून, पेनड्राइव्हवरही घालून दिली. एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव.

सासूबाई सगळा वेळ खुर्चीत बसून पाहत होत्या. त्यांनी निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, फॉर्म मागितला, आणि मोठ्या, थरथरत्या, पण एकही काना न विसरणाऱ्या अक्षरात सही केली. पुढे 'नाते' असा रकाना होता. त्यात लिहिलं: सासू.

"बरा आहे निबंध," त्या म्हणाल्या. "वरच्यांचं घेतलंस, समोरच्यांचं घेतलंस. माझं कुणी विचारलं नाही."

"तुमचं काय असणार आई त्यात?"

"तेच म्हणते मी. काय असणार!" आणि त्या आत गेल्या. मधल्या फळीवर भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता अनुस्वारबाई खिडकी क्रमांक चारसमोर. जाड भुवयांनी फॉर्म घेतला. वरून खाली वाचला. पालकाची सही वाचली, नाते वाचलं, भुवया वर गेल्या, खाली आल्या. मग निबंध उघडला, आणि पहिल्याच पानावर बोट ठेवून तो माणूस हसला.

"बाई, हे काय आहे? 'शेजाऱ्यां' इकडे आणि 'नी' तिकडे?"

बाईंनी पाहिलं.

"'देशां' एकटा. 'मधील' एकटा. 'नदी' गेली पुढे आणि 'वरून' राहिलं मागे! बाई, मराठीत हे जोडून लिहितात. संगणकाला 'शेजाऱ्यां' एक आणि 'नी' एक, असे दोन शब्द दिसतात."

शब्दांना श्वास! टंककाकांनी प्रत्येक शब्दाचे दोन तुकडे करून दोघांनाही श्वास घ्यायला जागा दिली होती! आणि टिंबं शोधणाऱ्या नजरेला टिंबं सगळी दिसली, फट एकही दिसली नाही. बटणं बरोबर होती. काल संध्याकाळी ज्या उपनद्या आटल्या आणि जे टाके उसवले, ते सगळे विनाकारण गेले.

"जोडून मोजतो हं," कारकून म्हणाला. त्याने बाईंचा पेनड्राइव्ह लावून संगणकावर फटी मिटवायला सुरुवात केली. बाई काचेतून आकडा उतरताना पाहत होत्या. एक हजार नऊशे... सातशे... सहाशे... आणि तो थांबला.

एक हजार पाचशे तीस.

"सत्तर कमी," तो म्हणाला. "सोळाशेच्या आत घेता येत नाही. नियम आहे."

बाईंनी काही म्हणजे काही वाद घातला नाही. एकोणीस वर्षांत हजारो लोकांनी त्यांच्याशी याच जागी वाद घातला होता, आणि त्याचा उपयोग होत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत! त्यांनी फक्त हात पुढे केला. "द्या परत."

कारकुनाने कागद दिले नाहीत.

"मी ओळखलं तुम्हाला," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. माझ्या मुलीचा दाखला. तीन वेळा परत पाठवलात. तिसऱ्या वेळी पावसात."

"टिंब राहिलं होतं," बाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

"राहिलं होतंच. आता ती सहावीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या शाळेत सगळ्या दाखल्यांची तपासणी झाली. अर्ध्या वर्गाला नाव दुरुस्त करायला पळावं लागलं. आम्हाला नाही." त्याने संगणकाचा पडदा खिडकीकडे वळवला आणि कळफलक काचेखालच्या फटीतून बाहेर सरकवला. "खिडकी पाचला बंद होते. सत्तर शब्द लिहा."

बाईंनी घरी फोन लावला. सगळे तिथेच बसले होते, निकाल आजच लागणार असल्यासारखे.

"सत्तर शब्द परत घालायचेत! सर, तुमची कुठली उपनदी घेऊ?"

"छे छे," सर म्हणाले. "माझं नको. मावशींची तुरपाई घाला. काल मी जरा जास्तच बोललो."

"अहो, माझं कशाला," मावशींचा टाचण्यांतला आवाज आला. "सरांची नदी घाला, वहिनी. बिचारी कोरडी पडलीये."

"नाही, आधी तुम्ही."

"नाही, सर, तुम्ही."

काल कुणी ओळ सोडत नव्हतं, आज कुणी घेत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार. कारकूनही काचेला कान लावून ऐकत होता. अनुस्वारबाईंना पहिल्यांदाच समजलं की सहकार्य भांडणापेक्षा जास्त वेळ खातं.

"गप्प बसा दोघंही!" बाई ओरडल्या. मागच्या रांगेतले विद्यार्थी दचकले. "आईंना फोन द्या."

थोडी खुडबुड झाली.

"हं," सासूबाई म्हणाल्या. एवढंच.

"आई. तुमचं काय ते सांगा. काल विचारलं नाही, चुकलं माझं."

पलीकडून आवाज आला, "मी काय सांगणार. मला दोन देश माहीत नाहीत. मला एक कपाट माहीत आहे."

पुढचं बाईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी फोन खांद्यावर दाबला आणि टंकू लागल्या. प्रत्येक शब्द जोडून.

'आमच्या स्वयंपाकघरात पाच फळ्या आहेत. वरच्या दोन माझ्या, खालच्या दोन माझ्या सासूबाईंच्या. मधली कुणाचीच नाही. तिच्यावर काय ठेवायचं हे दोघींनी विचारून ठरवायचं, आणि न विचारता ठेवलेलं दुसरीने मुकाट्याने उचलायचं नाही, आधी ओरडायचं. बावीस वर्षांत आमचं प्रत्येक भांडण त्या फळीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं, कारण तिथे दोघींचाही हात पोचतो. दोन देशांनी सीमेवर भिंत बांधावी की नाही हे मला सांगता येत नाही. पण बांधायचीच झाली, तर तिच्यात एक फळी ठेवावी. कुणाचीच नसलेली.'

पडद्यावरचा आकडा हलला. नेमके सोळाशे.

चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी छापलेली पानं कारकुनाच्या हातात होती. त्याने शिक्का उचलला. मग शिक्का हवेतच थांबला.

"आता काय?" बाई म्हणाल्या.

त्याने फॉर्म उलटा फिरवून खिडकीतून बाहेर सरकवला. स्पर्धेच्या विषयाचा रकाना. त्याच्या खाली, 'विभाग': राज्यशास्त्र. त्याच्याखाली, 'स्वतःचे संपूर्ण नाव'. बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं. आडनावावरचं टिंब नव्हतं.

"अनुस्वार कुठाय?" कारकून म्हणाला. हे दोन शब्द त्याने अकरा वर्षं जपून ठेवले असावेत. मग त्याने खिशातलं स्वतःचं पेन काढून पुढे केलं. बाईंनी टिंब दिलं. आयुष्यात इतकं मऊ टिंब त्यांनी कधी दिलं नव्हतं. शिक्का पडला.

"पोच घेऊन जा," तो म्हणाला. आणि मग मागच्या रांगेकडे पाहून जरा मोठ्याने, "थांबा रे सगळे, आधी या विद्यार्थिनीचं होऊ दे."

बाईंनी पोच घेतली. ती त्यांनी तीन वेळा वाचली, आणि तपासण्यासाठी वाचली नाही.

महिनाभराने निकाल लागला: उत्तेजनार्थ. समारंभाला दारात दोन पाट्या होत्या, 'स्पर्धक' आणि 'पालक'. अनुस्वारबाई पहिल्या पाटीकडे गेल्या आणि त्यांना कुणीही अडवलं नाही. दुसऱ्या पाटीखालच्या पहिल्या ओळीत मधोमध सासूबाई. एका बाजूला भूगोलसर, दुसऱ्या बाजूला टाचण्या घरी ठेवून आलेल्या शिवणमावशी, मांडीवर दप्तर घेतलेली लेक आणि, विश्वास ठेवा, वेळेवर आलेला नवरा. नाव पुकारलं गेलं तेव्हा सासूबाईंच्या शेजारची अनोळखी बाई म्हणाली, "अगंबाई, या वयात!"

"माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. "सही आहे माझी. लेखी."

घरी आल्यावर प्रमाणपत्र सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. शेवटी ते बाईंकडे आलं. त्यांनी चष्मा सावरला, आणि सवयीने वरून खाली वाचू लागल्या. अनुस्वार सगळे होते. पण मधोमध, सोनेरी अक्षरांत, छापलं होतं: प्रादेशिक सह कार्य.

'सह' इकडे. 'कार्य' तिकडे. मध्ये बोटभर फट.

"टंककाका!" लेक किंचाळली. "हेही त्यांनीच छापलंय! आई, परत पाठव. उद्याच्या उद्या परत पाठव!"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खरंच पेन उचललं होतं.

सासूबाईंनी त्यांच्या हातातून प्रमाणपत्र घेतलं, लांब धरून पाहिलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन मधल्या फळीवर टेकवून उभं केलं.

"राहू दे गं," त्या आतून म्हणाल्या. "ती फट नाही, दोघांतली मधली फळी आहे."